उन्हाची लाट आणि न दिसणारा ओझोन : काय ठरवायचं ते मार्चमध्येच

(प्रभागसंघाच्या फेब्रुवारीच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या ग्रामसंघांच्या ताई सभेला येऊ शकल्या नाहीत, त्यांनी तो आपापल्या समूहाच्या बैठकीत वाचून दाखवावा.)

अध्यक्ष ताई, सचिव ताई, सगळ्या ग्रामसंघांच्या पदाधिकारी, सीआरपी ताई, कृषिसखी, पशुसखी आणि मागे उभ्या आहेत त्या मावश्या. मावशी, आधी बसून घ्या, पुढे सतरंजीवर जागा आहे.

विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘उन्हाळ्याची पूर्वतयारी’ असं लिहिलंय. ते वाचून काही जणींना वाटलं असेल, ही आता पाणी प्या, डोकं झाका, कांदा जवळ ठेवा एवढं सांगून बसेल. तसं मी करणार नाही. मी एमएसडब्ल्यू शिकून आलेली मुलगी आहे. धानाच्या बांधीत पन्नास उन्हाळे काढलेल्या मावशीला ऊन म्हणजे काय हे मी काय सांगणार? पण उन्हासोबत अजून एक गोष्ट येते, ती दिसत नाही, आणि तिचा अंदाज काही प्रमाणात आधीच बांधता येतो. आज त्याच्याबद्दल बोलते. शेवटी पैशाचंही बोलायचं आहे, म्हणून मध्येच उठू नका.

गेल्या मे महिन्यात समूहांच्या बैठकींना फिरताना एक गोष्ट बऱ्याच जणींकडून ऐकली. दुपारी कामावरून आलं की घसा खवखवतो, मोठा श्वास घेतला की छातीत दुखतं, कोरडा खोकला येतो, आणि रात्री जरा बरं वाटतं. घरचे म्हणतात, ऊन लागलं, पन्हं पी. पन्हं प्यावंच. पण ऊन लागलं की डोकं दुखतं, चक्कर येते, उलटी होते, अंग तापतं. छातीत दुखणं आणि श्वास अपुरा पडणं याला कारण वेगळं असू शकतं. त्या कारणांपैकी एक म्हणजे ओझोन.

ओझोन हा शब्द पोरांच्या पुस्तकात असतो. आकाशात खूप उंचावर ओझोनचा थर आहे आणि तो सूर्याच्या घातक किरणांपासून आपल्याला वाचवतो, हे खरंच आहे. पण तोच वायू जमिनीलगत, आपण श्वास घेतो त्या हवेत तयार झाला की फुफ्फुसाला आतून सोलतो. गंमत म्हणजे हा ओझोन कुठल्याच चिमणीतून किंवा गाडीतून बाहेर पडत नाही. तो हवेत शिजतो. भात शिजायला तांदूळ लागतो, पाणी लागतं आणि विस्तव लागतो, तसंच इथेही आहे. गाड्या, ट्रक आणि कोळशावर चालणारी वीज केंद्रं यांच्या धुरातले नायट्रोजनचे वायू हा झाला तांदूळ. पेट्रोलची वाफ, पालापाचोळा जाळल्याचा धूर, रंग-रसायनांची वाफ हे पाणी. आणि विस्तव कोणता? ऊन. म्हणून सकाळी तो कमी असतो, दुपारी एक ते चारच्या सुमारास सगळ्यात जास्त होतो आणि सूर्य कलला की उतरतो. आपल्या भागात मार्च ते मे हाच त्याचा हंगाम. पाऊस आला, ढग आले की तो पडतो.

आता लाट आणि ओझोन एकाच वेळी का येतात ते बघा. उष्णतेची लाट येते तेव्हा आपल्या डोक्यावरची हवा वरून खाली दबत असते. ढग तयार होत नाहीत, वारा पडतो, ऊन दिवसभर कडक राहतं. पातेल्यावर घट्ट झाकण ठेवल्यासारखं. धूर वर जायला वाट नाही, बाजूला जायला वारा नाही, आणि खाली विस्तव मोठा. अशा दिवसांत ओझोन भराभर शिजतो. शिवाय गरमीत काही झाडं जास्त वाफ सोडतात आणि तीही याच पातेल्यात जाते. (म्हणून झाडं तोडा असं कुणी म्हणू नका. नुसत्या झाडाच्या वाफेने ओझोन वाढत नाही, त्याला धुरातला वायू लागतोच.) पाणी वाचवण्यासाठी पानं आपली बारीक तोंडं मिटून घेतात. एरवी पानं बराच ओझोन शोषतात, तेही कमी होतं.

कुणी म्हणेल, हे शहराचं दुखणं, चंद्रपूर-नागपूरवाल्यांचं. मलाही शिकताना असंच वाटायचं. पण ओझोनची चाल उलटी आहे. शहरात रात्री गाड्यांचा ताजा धूर ओझोनला खाऊन टाकतो. तोच ओझोन आणि त्याचा कच्चा माल वाऱ्याने खेड्याकडे आला की इथे त्याला खाणारा धूर कमी, त्यामुळे तो जास्त वेळ टिकतो. आणि आपल्या जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आणि वीज केंद्र दोन्ही आहेत, हे मी वेगळं सांगायला नको. हवा मोजायची सरकारी यंत्रं चंद्रपूर शहरात आणि खुटाळ्याच्या एमआयडीसीत आहेत. त्यांचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर दिसतात. ओझोनची आठ तासांची मर्यादा आपल्या देशात घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. समूहातल्या कुणाच्या पोरीकडे चांगला मोबाइल असेल तर मे महिन्यात दुपारी बघायला सांगा.

पिकाचंही सांगून टाकते, कारण आपण शेतकरी बाया आहोत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये एक अंदाज मांडला. २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशात गव्हाचं सुमारे ३५ लाख टन आणि तांदळाचं सुमारे २१ लाख टन नुकसान झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. कीड दिसते, ओझोन दिसत नाही, म्हणून त्याचा पंचनामा कधी होत नाही.

माणसांचं नुकसान किती मोठं असतं? मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ लोक जास्त मेले. त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्णतेचा कृती आराखडा तयार झाला, आणि तो बघून इतर शहरांनी आपापले केले. त्याच्याही आधी २००३ च्या ऑगस्टमध्ये युरोपात लाट आली होती. त्या उन्हाळ्यात तिथे ७० हजारांवर माणसं दगावली, बहुतेक म्हातारी आणि एकटी राहणारी. त्या दिवसांत तिथल्या हवेत ओझोनही भरपूर होता. इंग्लंड आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी नंतर हिशेब केला तेव्हा ऊन म्हणून धरलेल्या मृत्यूंपैकी काही वाटा ओझोन आणि धुळीचा निघाला. दोन्ही सोबत आले की नुसतं थर्मामीटर बघून सगळं कळत नाही.

आता अंदाजाकडे येते. ही लाट आपल्या गावात तयार होत नाही. २०१६ मध्ये जपान आणि भारतातल्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला. वायव्य आणि मध्य भारतातल्या लाटांची मुळं त्यांना थेट उत्तर अटलांटिक महासागरावरच्या हवेत सापडली. इतक्या लांबून इथे कसं काय पोचतं? धुतलेलं लुगडं दोघी दोन टोकांना धरून झटकतात, तेव्हा एका टोकाचा झटका लाट होऊन दुसऱ्या टोकाला येतो ना, तसंच. तिकडे हवेला अडथळा आला की वरच्या हवेत एक लाट उठते, ती इकडे पोचते आणि आपल्यावर हवा दाबली जाते. झाकण बसतं.

दुसरी गोष्ट समुद्राची. प्रशांत महासागराचं मधलं आणि पूर्वेकडचं पाणी काही वर्षं नेहमीपेक्षा गरम होतं, त्याला एल निनो म्हणतात. पेरू देशातल्या कोळ्यांनी हे नाव दिलं, कारण हे गरम पाणी त्यांना नाताळच्या सुमारास जाणवायचं, म्हणून ‘बाळ येशू’. आपल्याला एल निनो म्हटलं की पाऊस कमी एवढंच माहीत असतं. पण एल निनोच्या हिवाळ्यानंतर जो उन्हाळा येतो, तो आपल्याकडे बऱ्याचदा जास्त कडक जातो. १९९८ मध्ये ओडिशात दोन हजारांवर माणसं उन्हाने गेली. २००३ मध्ये आंध्रात हजारावर. २०१० चं अहमदाबाद आत्ताच सांगितलं. २०१६ मध्ये राजस्थानात फलोदीला ५१ अंश झालं. २०२४ चा उन्हाळा तर सगळ्यांना आठवतोय. या पाचही उन्हाळ्यांच्या आधीच्या हिवाळ्यात एल निनो होता.

पण एल निनो नाही म्हणून निर्धास्त राहायचं का? तर नाही. २०२२ मध्ये उलट परिस्थिती होती, प्रशांत महासागर थंड होता. तरी तो मार्च १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात गरम मार्च निघाला. गहू दाण्यात असतानाच वाळला आणि मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली. म्हणून समुद्राचा अंदाज हा घरातल्या जाणत्या माणसाच्या अंदाजासारखा घ्यायचा. बरेचदा बरोबर येतो, कधी चुकतो, पण कानावर घेतल्याशिवाय राहायचं नाही.

हे सगळं उन्हाचं झालं. ओझोनचाही असा आधी अंदाज येतो का? अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात लू शेन आणि लोरेटा मिकली यांनी २०१७ मध्ये हेच करून दाखवलं. त्यांनी १९८० ते २०१३ ची नोंद तपासली. अमेरिकेच्या पूर्व भागात उन्हाळ्यात ओझोन किती चढेल, याच्या खुणा आधीच्या वसंत ऋतूत समुद्रात दिसतात असं त्यांना आढळलं. अटलांटिकचा उष्ण भाग नेहमीपेक्षा गरम आणि प्रशांत महासागराचा ईशान्य कोपरा थंड असेल, तर पुढच्या उन्हाळ्यात ओझोन जास्त. म्हणजे एक ऋतू आधी. त्यांचं गणित त्यांच्या भागापुरतं, ते इथे जसंच्या तसं लावता येत नाही. पण त्यातून आपल्या कामाची एक गोष्ट मिळते. लाट आणि ओझोन दोघांना एकच झाकण लागतं. आपला हवामान विभाग उन्हाळ्याचा जो अंदाज देतो त्यात तापमान असतं, लाटेचे दिवस असतात, ओझोनचं नाव नसतं. ते नाव आपण आपल्या मनाने जोडून वाचायचं.

अंदाज मिळतात कधी? २०१६ पासून हवामान विभाग उन्हाळ्याच्या तोंडावर पूर्ण हंगामाचा अंदाज देतो, एप्रिल ते जूनचा अंदाज मार्च संपता संपता येतो. मग दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा येतो. आणि चार-पाच दिवस आधी जिल्ह्यानुसार पिवळा, नारिंगी, लाल असा इशारा येतो. सपाट भागात पारा ४० च्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असला की लाट म्हणतात, ४५ झाला की काही न मोजता लाटच. ब्रह्मपुरी, चंद्रपूरकडे ४५ काही नवल नाही, म्हणून इथे इशारा यायची वाट बघण्यात अर्थ कमी.

आणि अंदाज म्हणजे हवामान विभागाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो नाही. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात ५६ अंश झाल्याची बातमी आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर आली होती. ते यंत्रच बिघडलं होतं. शेजारची यंत्रं ४४ दाखवत होती.

आता पैशाचं. मे महिन्यात आपल्या समूहांचे हप्ते थकतात हे बुककीपर ताईंना विचारा. लाटेत मजुरी बुडते, दवाखाना निघतो आणि हप्त्याची तारीख तीच असते. मग हप्ता चुकू नये म्हणून बाई भर दुपारी कामावर जाते. नेमक्या त्या वेळी, जेव्हा ऊन आणि ओझोन दोन्ही शिगेला असतात. ही साखळी मे महिन्यात तोडता येत नाही, कारण तेव्हा ठराव घ्यायला कुणाला वेळ नसतो आणि निधी वाटला गेलेला असतो. म्हणून माझं म्हणणं असं आहे की हंगामाचा अंदाज ‘नेहमीपेक्षा जास्त लाटा’ असा आला, तर एप्रिलच्या पहिल्या बैठकीतच ग्रामसंघाने ठरवावं. मे चा मुद्दलाचा हप्ता पुढे ढकलायचा आणि फक्त व्याज घ्यायचं का? जोखीम प्रवणता निधीतून काही रक्कम वेगळी काढून ठेवायची का? बँकेचा हप्ता मात्र आपल्या ठरावाने हलत नाही, त्यासाठी बँक सखीने मार्चमध्येच शाखेत बोलावं. काही ताईंना वाटेल, अशी सवलत दिली की वसुलीची सवय मोडते. ही भीती खोटी नाही. पण अंदाज बघून, ठराव लिहून, एका महिन्यापुरती दिलेली सवलत आणि थकबाकी यात फरक आहे, असं माझं मत आहे.

विम्याचंही एक उदाहरण आहे. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने असंघटित कामगार बायांसाठी उष्णतेचा विमा काढला. २०२३ मध्ये गुजरातेत सुमारे २१ हजार जणी होत्या, २०२४ मध्ये गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्र मिळून सुमारे ५० हजार, आणि त्यातल्या ४६ हजारांवर जणींना काही ना काही रक्कम मिळाली. पारा ठरलेल्या आकड्यावर गेला की पैसे खात्यात, पंचनामा नाही, दाखला नाही. यातही ओझोन मोजला जात नाही. आणि विमा उन्हाळा सुरू व्हायच्या आधी घ्यावा लागतो, म्हणून हेही मार्चचंच काम. जिल्हा कक्षाकडे विचारणा करावी असं मी अध्यक्ष ताईंना सुचवलं आहे.

कामाच्या वेळेबद्दल. उन्हासाठी सगळे सांगतात, बारा ते चार काम बंद, मग संध्याकाळी भरून काढा. ओझोन धरला तर संध्याकाळी चारलाही हवा साफ झालेली नसते. म्हणून वाढीव तास सकाळी घ्यायचे, दुपारनंतर नाही. तेंदूपत्त्याला आपण पहाटेच जातो, ते बरोबरच आहे. पुडके बांधायचं काम सावलीत करा, आणि दम्याच्या बाईला दुपारी संकलन केंद्रावर पाठवू नका, तिच्या घरचं दुसरं कुणी जाऊ द्या. रोजगार हमीच्या कामावर अडचण वेगळी आहे, दुसऱ्या फोटोसाठी थांबावं लागतं, हे मागच्या सभेत तीन गावांनी सांगितलं. मोजमाप पूर्ण झालं असेल तर उन्हात थांबवू नये असा अर्ज ग्रामसंघाच्या लेटरहेडवर ग्रामपंचायतीला आणि रोजगार सेवकाला आत्ताच द्या. मे मध्ये दिलेला अर्ज जूनमध्ये वाचला जातो.

एका मावशीने मघाशी विचारलं, “मंग मास्क लावू का वो?” धुळीसाठी लावा, पण ओझोन हा वायू आहे, कापडाच्या मास्कने तो अडत नाही. दारं-खिडक्या बंद करून आत बसलं की तो बराच कमी होतो, बाहेरच्यापेक्षा पुष्कळच. पण इथे आपली खरी पंचाईत आहे. ज्यांचं घर टिनाचं, त्यांनी दुपारी दार बंद केलं तर आत भट्टी. मग ओझोनला घाबरायचं की उन्हाला? माझं उत्तर स्पष्ट आहे, आधी उन्हाला. ऊन काही तासांत जीव घेऊ शकतं. टिनाच्या बंद घरात म्हाताऱ्या माणसाला ठेवू नका. कवेलूच्या नाहीतर जाड भिंतीच्या घरात, शाळेच्या खोलीत, समाजमंदिरात नेऊन बसवा, आणि तसं काहीच नसेल तर मोठ्या झाडाची सावली बरी. टिनावर तणस टाकून पाणी मारणं हे आपलं जुनंच आहे. बोलणं बरळू लागलं, अंग तापून कोरडं पडलं तर अंगावर पाणी ओता आणि १०८ ला फोन करा. श्वास लागत असेल, आणि ज्यांना डॉक्टरांनी पंप दिलाय त्यांचा पंप संपत आला असेल, तर आशाताईंना एप्रिलच्या आत सांगा.

एक गोष्ट मात्र पूर्ण आपल्या हातात आहे. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला आपण जाळतो. बांधीचे धुरे जाळतो. तो धूर नेमका मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे ओझोनच्या पातेल्यात पाणी ओतायच्या वेळेलाच जातो, आणि जंगलाला वणवा लागतो तो वेगळाच. पाला झाडून बाजूला करा, झाडाखाली जुन्या साड्या जोडून किंवा जाळी अंथरून फुलं झेला. फुलंही स्वच्छ मिळतात, भाव बरा येतो.

ठरावाचा कच्चा मसुदा सचिव ताईंकडे दिला आहे, त्यावर आज चर्चा होईल, मंजुरी पुढच्या सभेत. तोपर्यंत प्रत्येक ग्रामसंघाने तीन आकडे आणायचे. दमा किंवा श्वासाचा त्रास असलेल्या किती जणी, टिनाच्या घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या किती, आणि फक्त मजुरीवर मे चा हप्ता भरणाऱ्या किती. नावं नकोत, आकडे पुरेत. कागद बुककीपर ताई वाटतायत, मागे पोचले का बघा.